‘झालंच आहे, मॅडम’

इंजिनिअरिंगला सत्र संपत आलं की सबमिशनचे दिवस सुरू होतात. प्रत्येक विषयाची फाइल पूर्ण करायची, प्रत्येक प्रयोगावर शिक्षकांची सही घ्यायची आणि शेवटी सर्टिफिकेटच्या पानावर विभागप्रमुखांचा सही-शिक्का. ते झालं नाही तर टर्मवर्कचे गुण नाहीत, ओरललाही बसता येत नाही. बहुतेक मुलं रात्री जागून, एकमेकांच्या फाइली समोर ठेवून का होईना, यातून पार पडतात. पण जवळपास दर वर्षी वर्गात एखाददुसरा असा असतो, जो शेवटच्या आठवड्यापर्यंत “झालंच आहे, मॅडम, दोन राइट-अप राहिलेत फक्त” असं म्हणत राहतो आणि मग एकदम दिसेनासा होतो. वर्गात नाही, लॅबमध्ये नाही, फोन उचलत नाही. त्याची फाइल हातात येते तेव्हा पहिले दोन प्रयोग सुरेख लिहिलेले असतात, आकृत्या रेखीव असतात, आणि पुढची पानं कोरी.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल विभागात शिकवते. आमच्याकडे प्रत्येक शिक्षकाकडे वीसेक मुलांचं पालकत्व दिलेलं असतं. गार्डियन फॅकल्टी मेंबर, मुलांच्या तोंडी जीएफएम. हजेरी कमी पडली, विषय राहिला, घरी फोन करायचा झाला, की जीएफएमने बघायचं. या कामातून कोऱ्या पानांची ही मुलं मला जवळून कळत गेली. त्यांतल्या काहींना एडीएचडी होतं, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. हे निदान डॉक्टरांनी केलेलं. त्यांच्यासोबत काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. या मुलांना काय करायचं ते माहीत असतं. चांगल्या सवयींवरचं भाषण ती आपल्यापेक्षा बरं देतील. अडतं ते माहीत असलेलं काम वेळेवर सुरू करण्यापाशी आणि संपेपर्यंत धरून ठेवण्यापाशी. त्यामुळे मदत पोचायला हवी ती काम करायच्या जागी आणि काम करायच्या वेळी. लांबून दिलेला सल्ला, मग तो कितीही प्रेमाने दिलेला असो, तिथपर्यंत पोचत नाही.

एका मुलाबद्दल जरा सविस्तर सांगते. नाव देत नाही. उदगीरकडचा. अकरावी-बारावी लातूरला झाली. लातूर पॅटर्नची दिनचर्या ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक तास ठरलेला, आठवड्याला टेस्ट, टेस्टचा निकाल भिंतीवर, अभ्यासिकेत शेजारी पन्नास मुलं मान खाली घालून बसलेली. त्याला तिथे उत्तम गुण मिळाले. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पुण्यात प्रवेश मिळाला आणि पहिल्याच वर्षी गणित राहिलं, ग्राफिक्स राहिलं, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली. घरच्यांचा समज झाला की पुण्याची हवा लागली. खरं तर मुलगा तोच होता. लातूरला त्याच्या दिवसाला बाहेरून ज्या भिंती होत्या, त्या पुण्यात नव्हत्या. कॉलेजात तासांच्या मधे दोन-दोन तास मोकळे, असाइनमेंट तीन आठवड्यांनी द्यायची, परीक्षा महिनाभर लांब, आणि रूमवर कोणी विचारणारं नाही. एडीएचडी असलेल्या माणसाच्या वाट्याला यापेक्षा कठीण व्यवस्था येणं अवघड. म्हणूनच शाळेत कधी लक्षात न आलेली ही गोष्ट पुष्कळदा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी उघडकीस येते.

या स्थितीची नोंद नवी नाही. १९०२ साली जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांबद्दल व्याख्यानं दिली होती. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ हे नाव आलं आणि १९८७ मध्ये ते बदलून एडीएचडी झालं. काही जण अजून जुन्या नावाने एडीडी म्हणतात, ते त्यामुळे. आता तिची तीन रूपं मानतात. एकात मुख्यतः लक्ष टिकत नाही, दुसऱ्यात मुख्यतः चुळबुळ आणि उतावीळपणा, तिसऱ्यात दोन्ही. जगभरातल्या पाहण्यांचा गोषवारा घेतला तर लहान मुलांत साधारण पाच टक्के आणि मोठ्यांत अडीच टक्क्यांच्या आसपास हे प्रमाण येतं. म्हणजे साठ जणांच्या वर्गात सरासरी एक-दोघं.

जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून या स्थितीत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्के मानला जातो. उंचीइतकाच जवळजवळ. त्या मुलाचे वडील भेटायला आले, तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मॅडम, मी बी तसलाच की. दुकानात सगळ्या मोटारी अर्ध्या उघडलेल्या असतात. गिऱ्हाईक समोर येऊन बसलं, तरच एक पुरी होते.” पुढे मी जे काही केलं, त्याचं सूत्र या गृहस्थांनी त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूची छायाचित्रं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा घेऊन २००७ मध्ये एक निष्कर्ष मांडला. मेंदूच्या बाह्यपटलाचा निम्मा भाग सर्वाधिक जाडीला पोचतो ते वय इतर मुलांत साडेसातच्या सुमारास आलं, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. काम आखणं, थांबणं, वेळेचा अंदाज घेणं, हातातली गोष्ट डोक्यात धरून ठेवणं, ही कामं याच भागाची. अठरा वर्षांच्या, मिशा फुटलेल्या मुलाकडे बघून आपण त्याच्या वयाला शोभेल असा स्वतःवरचा ताबा गृहीत धरतो, आणि तो ताबा अजून पुरता आलेला नसतो.

लोकांना सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. हाच मुलगा दुसऱ्या वर्षी बाहा स्पर्धेच्या टीममध्ये गेला. बाहामध्ये विद्यार्थी स्वतः खडबडीत रस्त्यावर चालणारी छोटी गाडी बनवतात. रोल केजच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पाइपांची टोकं कापून जुळवताना तो रात्री तीनपर्यंत वर्कशॉपमधून हलत नसे, जेवणाची आठवण नसे. मग विभागात कोणी ना कोणी म्हणायचंच, “तिथे बरं लक्ष लागतं!” हा सवाल मला इतक्यांदा ऐकायला मिळाला आहे की त्याचं उत्तर इथे ठामपणे देते. या मुलांकडे लक्ष नाही असं नाही. ते कुठे लावायचं, किती वेळ लावायचं आणि कधी काढून घ्यायचं, यावर त्यांचा ताबा कमी असतो. कामात नावीन्य असेल, हाताला लगेच परिणाम दिसत असेल, शेजारी माणसं असतील, वेळ अगदी जवळ आलेली असेल, तर लक्ष चिकटून बसतं, सुटत नाही. काम लांबचं, एकसुरी आणि एकट्याने करायचं असेल, तर कितीही महत्त्वाचं असो, ते धरलं जात नाही. मेंदूतल्या डोपामिनशी संबंधित यंत्रणेत याचं एक कारण शोधलं जातं. रसेल बार्कली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तर एडीएचडीची मांडणीच स्वनियमनातला बिघाड अशी केली आहे, आणि वर्गात जे दिसतं त्याला ती मला सर्वांत जवळची वाटते.

त्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा डॉक्टरांनी आईला सोबत बोलावलं आणि शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं आणायला सांगितली. त्यामागे नियम आहे. २०१३ च्या निदानपुस्तिकेप्रमाणे काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात, ती घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांमुळे जगण्यात खरा अडथळा यावा लागतो. सतरा आणि त्यापुढच्या वयासाठी यादीतली किमान पाच लक्षणं, लहानांसाठी सहा. आईने ट्रंकेतून पहिलीपासूनची प्रगतीपुस्तकं काढून आणली. शेऱ्याच्या रकान्यात वर्षागणिक तेच: हुशार आहे, वही अपूर्ण; हुशार आहे, बडबड कमी करावी; हुशार आहे, लक्ष द्यावे. या स्थितीसाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. सविस्तर मुलाखत, जवळच्या माणसांची साक्ष आणि अशा जुन्या कागदांवरून निदान होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठी अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिचे पहिले सहा प्रश्न चाळणीसारखे वापरतात, पण त्यांची उत्तरं ‘हो’ आली म्हणजे निदान झालं असं नाही.

याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. मोबाइलमुळे मन लागत नाही म्हणजे एडीएचडी नव्हे. रोज चार तास झोप, थायरॉइडचा त्रास, रक्तक्षय, नैराश्य, चिंता, गांजा, यांतल्या कशानेही लक्ष उडतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळं नीट होतं आणि मग बिघडलं असेल, तर आधी ही कारणं शोधली पाहिजेत. आजकाल मुलं दीड मिनिटाचे व्हिडिओ बघून स्वतःचं निदान स्वतः करून येतात. त्यांना मी हसत नाही आणि दुजोराही देत नाही. तज्ज्ञांकडे पाठवते. ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे खर्च परवडतो. गावाकडच्या पालकांना पहिला फोन कुठे करायचा हेच कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो कोणत्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

मुलींबद्दल वेगळं लिहिते, कारण त्या निसटतात. कोल्हापूरची एक विद्यार्थिनी तिसऱ्या बाकावर शांत बसायची. वहीत तीन रंगांच्या पेनांनी सुबक टिपणं. तिची तक्रार कोणीच केली नसती. पेपरात मात्र गुण अर्धे. आमच्या विद्यापीठाच्या पेपरात ‘प्रश्न १ किंवा २, प्रश्न ३ किंवा ४’ अशी निवड असते. ती एक आणि दोन, दोन्ही सोडवून बसायची आणि शेवटच्या प्रश्नाला वेळ उरायचा नाही. कधी ‘ब’ उपप्रश्न राहून जायचा, कधी ‘काढा आणि स्पष्ट करा’मधलं स्पष्ट करायचं राहायचं. आधी तिच्यावर चिंतेचे उपचार चालू होते. ती चिंता खरीच होती, पण तिच्या मुळाशी हे होतं. आपण काहीतरी विसरणार या धास्तीने ती प्रत्येक गोष्ट चार वेळा तपासायची आणि थकून जायची. मुलींमध्ये चुळबुळ कमी आणि हरवलेपण जास्त दिसतं. वर्गात त्यांचा त्रास कोणाला होत नाही, म्हणून निदान उशिरा होतं किंवा होतच नाही. तिच्यासाठी उपाय साधा ठरला. पेपर हातात आला की पहिली पाच मिनिटं काही सोडवायचं नाही. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्च्या कामाच्या जागेत आपण कोणते प्रश्न घेतो आहोत, ते उपप्रश्नांसकट लिहायचं आणि एकेक झाला की खोडायचा. कॉलेजच्या चाचण्यांमध्ये आम्ही त्याचा सराव केला, कारण नवी सवय विद्यापीठाच्या पेपरात पहिल्यांदा वापरायला सांगणं अन्यायाचं आहे.

औषधांबद्दल पालक दबक्या आवाजात विचारतात. सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं औषध मिथाइलफेनिडेट. ते १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत पहिल्यांदा तयार झालं. साधी गोळी तासाभरात काम करू लागते आणि तीन-चार तास टिकते. सावकाश सुटणाऱ्या प्रकारांचा असर त्याहून बराच लांबतो. भूक कमी होणं, झोप लांबणं, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणं हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. म्हणून घरात हृदयविकार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगायचा. आपल्याकडे हे औषध औषधविषयक नियमांच्या परिशिष्ट एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. साहजिकच बरीच दुकानं ते ठेवत नाहीत. उदगीरहून आलेल्या पोराला गोळ्या संपल्यावर तीन पेठा फिरावं लागतं, आणि विसरणं हाच ज्याचा आजार आहे त्याच्याकडून आपण महिन्याआधी नियोजनाची अपेक्षा धरतो. त्याच्या वडिलांनी हे काम स्वतःकडे घेतलं. स्ट्रिपमध्ये दहा गोळ्या उरल्या की तो फोटो पाठवतो आणि पुढची अपॉइंटमेंट ते ठरवतात. वडिलांनी करावी अशी ही खरी मदत. ॲटोमोक्सेटिन हे वेगळ्या जातीचं औषध आहे. मिथाइलफेनिडेटसारखं ते उत्तेजक नाही, पण त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर नसल्याने मुलं ते मधेच सोडतात.

हॉस्टेलमधल्या मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगते. परीक्षेच्या रात्री मित्राची गोळी मागू नका आणि कोणी मागितली तर देऊ नका. मिथाइलफेनिडेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि ज्याला हृदयाचा किंवा मनाचा दुसरा आजार आहे त्याला ते घातक ठरू शकतं.

औषधाने लक्ष धरून ठेवायची ताकद वाढते. पण फाइल कुठे आहे, आज कोणता प्रयोग लिहायचा, हे औषध सांगत नाही. वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग करताना आम्ही जिग वापरतो. भोक नेमकं हव्या त्या जागी पडावं म्हणून जिग ड्रिलला वाट दाखवतो आणि वस्तू घट्ट धरून ठेवतो. शंभर वस्तू केल्या तरी जिग काढत नाहीत, आणि जिग लावला म्हणून कारागिराला कोणी कमी लेखत नाही. विद्यार्थ्यासाठी मला तेच करायचं होतं.

उदगीरचा तो मुलगा दर सोमवारी मधल्या सुट्टीआधी माझ्या टेबलापाशी येतो. दहा मिनिटं. मी “अभ्यास कसा चाललाय” हा प्रश्न विचारत नाही, कारण त्याचं उत्तर “चाललाय, मॅडम” असंच येतं आणि ते दोघांनाही काही सांगत नाही. मी विचारते, “पुढचं काम कोणतं, ते कुठे बसून करणार आणि किती वाजता?” थर्मोचा राइट-अप पूर्ण करणं हे काम म्हणून धरत नाही. ‘मंगळवारी दोन वाजता विभागाच्या वाचनालयात बसून तिसऱ्या प्रयोगाचा निरीक्षण तक्ता उतरवणं’ एवढं बारीक झालं की ते काम. मग तो फोनमध्ये अलार्म लावतो आणि अलार्मला तेच नाव देतो. नुसता वाजणारा अलार्म तो बंद करून विसरतो. ‘तिसरा प्रयोग, वाचनालय’ असं लिहून आलं, तर निदान पाय उचलला जातो.

त्याच्या वहीत समासाच्या दोन्ही बाजूंना दोन आकडे असतात. डावीकडे अंदाज, उजवीकडे खरा लागलेला वेळ. सुरुवातीला ड्रॉइंगच्या शीटला तो एक तास लिहायचा आणि लागायचे चार. हे खोटं बोलणं नव्हतं. वेळ किती जातो याची आतली जाणीवच एडीएचडीत कच्ची असते. काही आठवडे दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघितल्यावर तो स्वतःच अंदाजाला तीनने गुणायला लागला. त्याच्या खोलीत काट्यांचं मोठं घड्याळ लावलं, कारण काटा सरकताना वेळ दिसतो, फोनवरचा आकडा नुसता बदलतो.

वाचनालयात त्याच्याशेजारी त्याचा रूममेट बसतो, स्वतःचं काम करत. तो शिकवत नाही, टोकत नाही. नुसतं कोणी शेजारी असणं या मुलांना कामावर धरून ठेवतं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातलं गिऱ्हाईक ते हेच. रूममेटला मी एकच सांगितलं होतं, त्याचा पहारेकरी होऊ नकोस. उठवणं, हजेरी लावणं, खोटं सांभाळून घेणं, असं सगळं मित्रावर पडलं की मैत्री टिकत नाही.

लॅबमध्ये आम्ही एक बदल सगळ्या बॅचसाठी केला. प्रयोग संपला की त्याच तासाला आकृती आणि तक्ता तिथेच पूर्ण करायचा आणि सही घेऊन बाहेर पडायचं. त्यासाठी प्रयोगाची पंधरा मिनिटं कमी केली. हा बदल एका मुलासाठी सुरू झाला होता, पण शेवटच्या आठवड्यातली विभागाबाहेरची रांगच आटली. नियम शिथिल केला असं माझ्या एका सहकाऱ्यांना वाटलं. मला ते पटत नाही. काम तेवढंच होतं, फक्त त्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन तासांवर आणली.

आणि ‘झालंच आहे, मॅडम’ हे खोटं. त्याची उलटतपासणी करून उपयोग नाही. लहानपणापासून हजारदा ‘लक्ष कुठे असतं तुझं’ हे ऐकलेल्या मुलाला अपूर्ण काम दाखवणं म्हणजे पुन्हा तीच शिक्षा वाटते, म्हणून ते लपवलं जातं, आणि लपवलं की वाढतं. माझ्या टेबलापाशी एक नियम आहे. जे असेल ते घेऊन यायचं. अर्धं पान असेल तर अर्धं पान. अपूर्ण फाइल आणणाऱ्याला रागावलं जाणार नाही. त्याच्यासमोर आपण पुढचं काम ठरवू. जो येत नाही, त्याची मी काळजी करते. या मुलांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि सबमिशनच्या आठवड्यात गायब झालेला विद्यार्थी ही शिस्तीची बाब समजून बसू नये. त्याच दिवशी रूमवर कोणाला तरी पाठवावं.

घरच्यांचा रात्रीचा फोन हा एक वेगळाच विषय आहे. “जेवलास का” नंतर “अभ्यास केलास का”, मग दोन मिनिटांत आवाज चढलेले. त्या मुलाच्या आईला मी सुचवलं की रात्रीच्या फोनवर अभ्यास हा शब्द काढायचा नाही. अभ्यासाचं सोमवारी माझ्याकडे होतं, ते पुरे. मुलाने मान्यता दिली आहे तेवढंच मी घरी सांगते. अठरा वर्षांवरच्या मुलाच्या उपचारांची गोपनीयता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने राखलेली आहे. विभागातल्या बाकीच्या शिक्षकांना निदान सांगायचं की नाही, हे त्यानेच ठरवलं. दोघांना सांगितलं, बाकीच्यांना नाही.

सवलतींबद्दल बरेच गैरसमज आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार दिले आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडी हे नाव वेगळं नाही. बऱ्याच मुलांना एडीएचडीसोबत डिसलेक्सिया किंवा डिसग्राफियाही असतो. तसं असेल तर त्याचं प्रमाणपत्र काढून घेणं महत्त्वाचं, कारण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. नुसत्या एडीएचडीवर विद्यापीठाच्या पेपरात जादा वेळ मिळेलच, असं मी कोणाला सांगत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार यांच्या प्रकरणात एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासाठी आहे, वाजवी सोयीसुविधा मिळण्यासाठी ती अट लावता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. कॉलेजकडे लेखी अर्ज करताना डॉक्टरांच्या पत्रासोबत या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

एमएससाठी अमेरिकेला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी मात्र निदानाचे कागद इंग्रजीत, चाचण्यांच्या तपशिलासह सोबत द्यावेत. तिथे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा अपंगांविषयीचा कायदा एडीएचडीलाही लागू होऊ शकतो. जवळपास प्रत्येक विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र कार्यालय असतं. शांत खोलीत परीक्षा, जादा वेळ अशा सोयी तिथे मिळतात, पण विद्यार्थ्याने स्वतः जाऊन मागाव्या लागतात. मागायची सवय इथे असतानाच लावलेली बरी.

आपल्याकडे कायदा कमी पडतो हे खरं, तरी माझ्या अनुभवात खऱ्या उपयोगाच्या बहुतेक गोष्टींना प्रमाणपत्र लागलंच नाही. मोठ्या कामाचे तुकडे करून देणं, त्याच तासाला सही देणं, सूचना तोंडी सांगून फळ्यावरही लिहिणं, पुढच्या बाकावर बसवणं, मुदतीच्या आदल्या दिवशी एक मेसेज. हे कोणताही शिक्षक उद्यापासून करू शकतो.

तो मुलगा आता शेवटच्या वर्षाला आहे. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, बराच काळ अडकून बसला होता, तो सुटला. तिसऱ्या वर्षी एका सत्रात सगळे विषय एकदम निघाले तेव्हा घरच्यांनी विचारलं की आता सोमवारचं भेटणं बंद करायचं का, गोळ्याही कमी करायच्या का. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा म्हटलं, आणि सोमवार चालू ठेवला. निकाल आधारामुळे आला होता. आधार काढला तर निकालही जातो, हे मी दुसऱ्या मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. तेव्हा पालकांना सांगणं इतकंच, की पहिल्या चांगल्या निकालावर काही काढून घेऊ नका.

आणि माझ्या शिक्षक-मित्रांना एक विनंती. नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गासमोर सांगा की अपूर्ण काम घेऊन आलात तरी चालेल. मग कुठे यायचं, कोणत्या वारी आणि किती वाजता, ते फळ्यावर लिहा, आणि त्या वेळी तिथे हजर राहा.